न्यूमॅटिक व्हॉल्व्ह अ‍ॅक्च्युएटरचं सर्व्हिसिंग आणि सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखान्यातले इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटमधले फिटर आणि आयटीआय करून नुकतेच अप्रेंटिस लागलेली मुलं-मुली यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांना विचारायचं असतं, ‘सेटिंग कसं करायचं?’ इथल्या उत्तरांत मात्र ‘हात कधी घालायचा’ हे आधी येतं. अ‍ॅक्च्युएटर म्हणजे हवेच्या जोरावर व्हॉल्व्ह उघड-बंद करणारं यंत्र. अ‍ॅक्च्युएटरमध्ये जोर तीन ठिकाणी साठलेला असतो: हवेत, स्प्रिंगमध्ये आणि व्हॉल्व्ह ज्या लाइनवर बसलाय त्या लाइनमध्ये. एक बंद केला म्हणून बाकीचे दोन बंद होत नाहीत. तुमच्या मेकचं मॅन्युअल आणि इथलं उत्तर यात फरक दिसला तर मॅन्युअलचं ऐका.

1. अ‍ॅक्च्युएटर डबल अ‍ॅक्टिंग आहे की स्प्रिंग रिटर्न, हे न उघडता कसं ओळखायचं?

डबल अ‍ॅक्टिंगमध्ये हवा दोन्ही दिशांना ढकलते; स्प्रिंग रिटर्नमध्ये एका दिशेला हवा, परत आणायला स्प्रिंग. आधी नेमप्लेट पुसून वाचा. मॉडेल नंबरात बहुधा डीए किंवा एसआर अशी खूण असते आणि एसआर असेल तर पुढे स्प्रिंगची संख्याही दिलेली असते. सोलेनॉइडवरून (हवा देणारा-सोडणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) अंदाज येतो: 5/2 (पाच पोर्ट, दोन स्थिती) असेल तर डबल अ‍ॅक्टिंग, 3/2 असेल तर स्प्रिंग रिटर्न. पण हा पुरावा नव्हे. अंगावर थेट बसणारे कित्येक सोलेनॉइड मधली पट्टी बदलून दोन्ही प्रकारे वापरता येतात, आणि घाईत कुणी कुठला बसवलाय याचा भरवसा नसतो.

व्हॉल्व्ह हलवायची परवानगी असेल तर हवा सोडून बघा. आपोआप एका टोकाला गेला की आत स्प्रिंग आहे. नेमप्लेट रंगाखाली गेली असेल, व्हॉल्व्ह हलवताही येत नसेल, तर स्प्रिंग आहे असं धरूनच काम करा. डबल अ‍ॅक्टिंगला स्प्रिंगवाला समजलात तर फार तर थोडा वेळ जास्त जाईल. उलट समजलात तर एंड कॅप (टोकाचं झाकण) तोंडावर येईल.

2. हवा बंद केली, गेज शून्यावर आलं. आता खोलायला हरकत नाही ना?

हरकत आहे. ते गेज कुठे बसलंय ते आधी बघा. एअर फिल्टर रेग्युलेटरवरचं गेज फक्त त्या जागेचा दाब दाखवतं. पुढे लॉक-अप व्हॉल्व्ह असेल तर सप्लाय पडताच तो सिलिंडरमधली हवा आत कोंडून ठेवतो. त्याचं कामच ते आहे. डबल अ‍ॅक्टिंगसोबत राखीव हवेची टाकी असेल तर तिच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. सप्लाय बंद केला तरी टाकी भरलेलीच राहते. टाकीचा ड्रेन वेगळा उघडायचा, सिलिंडरच्या दोन्ही बाजू वेगळ्या मोकळ्या करायच्या.

किती जोराची गोष्ट चाललीय ते आकड्यात बघा. 100 मिमी व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौ. सेंमी. हवा 6 किलो प्रति चौ. सेंमी असेल तर त्या एका पिस्टनवर साधारण 470 किलोचा जोर पडतो. एवढा जोर मागे असताना सैल झालेला स्क्रू किंवा फिटिंग गोळीसारखं सुटतं.

हवा खरंच गेली तरी स्प्रिंग दाबलेली राहते (प्रश्न 7 आणि 8). स्प्रिंगही नसेल तरी लाइनचा दाब व्हॉल्व्हच्या चकतीवर किंवा प्लगवर असतो (प्रश्न 13).

3. मग हात लावण्याआधीचा नेमका क्रम काय?

सुरुवात कंट्रोल रूमपासून करायची, पान्यापासून नाही. बोर्ड ऑपरेटरला टॅग नंबर सांगा, तोच नंबर त्याने उलट वाचून दाखवायला हवा. लूप (या व्हॉल्व्हचं आपोआप चालणारं नियंत्रण) मॅन्युअलवर घ्यायला सांगा. या व्हॉल्व्हवर कुठला इंटरलॉक (सुरक्षेसाठीची आपोआप चालणारी जोडणी) आहे, व्हॉल्व्ह हलला की आणखी काय ट्रिप होईल, म्हणजे आपोआप बंद पडेल, हे विचारा. मग परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी.

परमिट हातात आल्यावर प्रोसेस आधी सोडवायची. बायपास (व्हॉल्व्हला वळसा घालणारी लाइन) घेतला का, पुढचा-मागचा हँड व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावलं का, मधला भाग ड्रेन करून व्हेंट उघडा ठेवला का, हे बघा. त्यानंतर सोलेनॉइडची वीज बंद करून टॅग लावा. मग हवा.

हवेसाठी साधा बॉल व्हॉल्व्ह बंद करणं अपुरं आहे. तो सप्लाय थांबवतो, पण पुढच्या ट्यूबमधली हवा तिथेच राहते. बंद होताना पुढची हवा बाहेर सोडणारा आणि कुलूप लावता येणारा शट-ऑफ व्हॉल्व्ह मिळतो, तोच बसवून घ्या. नसेल तर रेग्युलेटरचा ड्रेन उघडून हवा सोडा, आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच ट्यूबची नट सावकाश, तोंड बाजूला ठेवून सैल करा.

ज्याचा हात आत जाणार त्याचं कुलूप, आणि किल्ली त्याच्याच खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. शेवटी खात्री: कंट्रोल रूममधून कमांड द्यायला लावा, सोलेनॉइडचं हाताने दाबायचं बटण दाबून बघा. काहीच हललं नाही तर सुरू करा. ते बटण फिरवून अडकवता येणारं असेल तर परत मूळ जागी आणायचं विसरू नका. नाहीतर हवा चालू होताच कमांड नसताना व्हॉल्व्ह फिरेल.

4. हवा कापल्यावर व्हॉल्व्ह उघडेल की बंद होईल?

स्प्रिंग रिटर्न असेल तर स्प्रिंग नेईल तिकडे. बॉयलरला जाणाऱ्या इंधनाचा किंवा स्टीमचा व्हॉल्व्ह बहुधा हवा गेल्यावर बंद होणारा, आणि थंड पाण्याचा उघडणारा निवडतात. पण ‘बहुधा’वर विसंबू नका, लूप ड्रॉइंग किंवा डेटाशीट काढून बघा. डबल अ‍ॅक्टिंगला अशी ठरलेली दिशाच नसते. दोन्ही बाजूंची हवा गेली की तो जिथे आहे तिथे राहील, किंवा लाइनमधला प्रवाह त्याला ढकलत नेईल. म्हणून हवा कापण्याआधी प्रोसेस त्या स्थितीसाठी तयार हवी.

5. स्टॉप स्क्रू कुठला कशाचा, आणि किती फिरवायचा?

रॅक-पिनियन अ‍ॅक्च्युएटरच्या (यात दातेरी पिस्टन मधल्या दातेरी दांड्याला, म्हणजे पिनियनला, फिरवतात) एका अंगाला बहुधा दोन बोल्ट शेजारी शेजारी असतात, त्यांवर लॉक नट. एक उघडण्याची हद्द ठरवतो, दुसरा बंद होण्याची. काही मेकमध्ये एक स्टॉप एंड कॅपवर असतो. कुठला कुठला ते मॅन्युअलमधल्या आकृतीवरून ठरवा. फिरवून बघून ठरवायची ही गोष्ट नाही. दोन्ही टोकांना साधारण 5 अंश कमी-जास्त करण्याची सोय असते. त्याहून जास्त लागत असेल तर स्टॉपचा दोष नाही. ब्रॅकेट, कपलिंग किंवा व्हॉल्व्ह चुकीच्या कोनात बसलाय.

स्टॉपवर जोर असताना स्क्रू फिरवू नका. समजा हवेने उघडणारा, स्प्रिंगने बंद होणारा अ‍ॅक्च्युएटर आहे आणि बंद बाजूचा स्टॉप लावायचाय. हवा सोडलेली असताना स्प्रिंग पिनियनला त्याच स्टॉपवर दाबून धरते. अशा वेळी पाना लावलात तर आटे खाल्ले जातात आणि सेटिंगही खोटं होतं. थोडी हवा देऊन व्हॉल्व्ह उघडा म्हणजे स्टॉप मोकळा होतो. लॉक नट सैल करा, स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरवा, नट धरा, हवा सोडून बंद करा, जागा बघा. पुन्हा तेच. या कामात हवा चालू असते, म्हणून परमिटवर तसं लिहिलेलं हवं आणि ब्रॅकेटच्या आत, कपलिंगजवळ कुणाचंही बोट नको. हवेचा व्हॉल्व्ह स्क्रू फिरवणाऱ्याच्याच ताब्यात ठेवा. दुसरा कुणी तो हाताळत असेल तर तोंडी इशारा ठरवून घ्या.

स्टॉप स्क्रू अंगात आरपार गेलेला असतो आणि आतल्या टोकाला हवेचा दाब असू शकतो. हवा असताना तो बाहेर बाहेर काढत नेला तर शेवटच्या आट्यानंतर उडतो. पूर्ण काढायचा असेल तर प्रश्न 3 मधलं सगळं आधी.

6. 0 आणि 90 अंश आले की सेटिंग झालं, बरोबर?

व्हॉल्व्ह कुठला त्यावर आहे. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

रबर लायनिंगचा साधा बटरफ्लाय जागेवर बसतो, जोरावर नाही. चकती लायनिंगच्या मध्यावर आली की गळती थांबते. स्टॉप जास्त सोडलात तर चकती मध्य ओलांडून पुढे जाते, लायनिंगला कापते आणि काही दिवसांत गळती सुरू होते. मग लोक ‘अजून घट्ट बंद करा’ म्हणून स्टॉप आणखी सोडतात आणि लायनिंग पुरतं जातं.

मेटल सीटचा ट्रिपल ऑफसेट बटरफ्लाय याच्या नेमका उलट. तो टॉर्कने बसतो. त्याच्या बंद बाजूचा स्टॉप मागे घेऊन ठेवायचा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरचा पूर्ण जोर सीटपर्यंत पोहोचतो. पॉइंटर शून्यावर दिसावा म्हणून कुणी स्टॉप पुढे आणला तर व्हॉल्व्ह दिसायला बंद आणि प्रत्यक्षात गळका राहतो.

बॉल व्हॉल्व्हला उघडी बाजूही तितकीच महत्त्वाची. बॉलचं भोक आणि पाइपचं भोक एका रेषेत नसेल तर प्रवाहाचा झोत सीटच्या कडेवर आपटत राहतो. व्हॉल्व्ह लाइनबाहेर असेल तर भोकातून उजेडाकडे बघा. एका बाजूला चंद्रकोरीसारखी कड दिसली की दुरुस्ती बाकी आहे. लाइनवर असेल तर स्टेमच्या डोक्यावरची खाच बघा. वर लावलेला पिवळा इंडिकेटर पुरावा नाही, तो काढून कसाही बसवता येतो.

7. स्प्रिंग रिटर्नची एंड कॅप उघडायची आहे. स्प्रिंग उडेल का?

आजच्या बहुतेक रॅक-पिनियन अ‍ॅक्च्युएटरमध्ये स्प्रिंग कार्ट्रिजमध्ये बांधलेल्या असतात आणि कॅपचे स्क्रू मुद्दाम लांब दिलेले असतात, म्हणजे स्क्रू निघण्याआधी स्प्रिंगचा ताण संपावा. रीतीने उघडलं तर काम सुरक्षित आहे. रीत अशी.

अ‍ॅक्च्युएटर व्हॉल्व्हवरून उतरवून बाकावर घ्या, हवेचे दोन्ही पोर्ट उघडे. पिस्टन पूर्ण आत आलेले असले पाहिजेत, कारण त्या स्थितीत स्प्रिंग सगळ्यात जास्त मोकळी असते. पिनियनवरची खाच बघून खात्री करा. कॅपच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. चारही स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, एकेक फेरा सोडत जा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कॅप अंगापासून हळूहळू सुटते आणि फट चारही बाजूंनी सारखी दिसते. साधारण चार-पाच फेऱ्यांनंतर कॅप हाताला सैल लागली पाहिजे.

ती तरीही ताठ बाहेर ढकलली जात असेल तर तिथेच थांबा. कार्ट्रिज तुटलंय, किंवा पिस्टन पूर्ण आत आलेला नाही. स्क्रू परत घट्ट करा आणि अ‍ॅक्च्युएटर उत्पादकाकडे पाठवा. पुढचा एक फेरा सोडून बघू, हा विचार मनात आला तरी करायचा नाही.

परत बसवताना दोन्ही बाजूंना मूळ संख्येइतक्या स्प्रिंग, मूळ जागीच. ही संख्या तुमच्याकडच्या हवेच्या दाबावर आणि व्हॉल्व्हच्या टॉर्कवर ठरवलेली असते. उघडताना फोटो काढला असेल तर इथे उपयोगी पडतो. दोन्ही पिस्टन पिनियनवर एकाच वेळी चढले पाहिजेत. दोन्ही टोकांपासूनचं अंतर पट्टीने मोजा. एक दात चुकला तर 90 अंश कधीच मिळणार नाहीत.

8. डायफ्रॅम अ‍ॅक्च्युएटरचे बोल्ट तर साधे दिसतात. तेही तसेच काढायचे का?

साधे दिसतात म्हणून हात लवकर जातो. बेंच सेट (स्टेम हलायला लागतो तेव्हापासून पूर्ण हलेपर्यंतचा हवेचा दाब) 0.4 ते 2.0 किलो आणि डायफ्रॅमचं क्षेत्रफळ 600 चौ. सेंमी असं उदाहरण घ्या. 0.4 किलो हवा दिल्याशिवाय स्टेम हलत नाही याचा अर्थ हवा शून्य असतानाही स्प्रिंग 0.4 गुणिले 600, म्हणजे 240 किलोने दाबलेली आहे. ती केसिंगच्या झाकणाखाली बसलेली असेल तर तो सगळा जोर त्या बोल्टांवर असतो.

काही डिझाइनमध्ये योकजवळ (व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्च्युएटर जोडणारी चौकट) स्प्रिंग अ‍ॅडजस्टर असतो. तो आधी पूर्ण सैल करून ताण काढायचा. अनेक स्प्रिंगवाल्या डिझाइनमध्ये केसिंगला दोन-तीन बोल्ट इतरांपेक्षा लांब दिलेले असतात. आखूड बोल्ट आधी काढायचे, लांब बोल्ट शेवटी, तेही आळीपाळीने थोडे थोडे सोडत, म्हणजे झाकण सरळ वर येतं. पूर्वी कुणी लांब बोल्ट हरवून तिथे आखूड लावलेत का, हे सुरू करण्याआधी बघा. लावले असतील तर त्या जागी आटे भरपूर असलेले लांब बोल्ट एकेक करून आधी बदलून घ्या.

बेंच सेट मोजताना अ‍ॅक्च्युएटर व्हॉल्व्हच्या स्टेमपासून सोडवलेला हवा. जोडलेल्या स्थितीत मोजलंत तर त्यात ग्लँड पॅकिंगचं (स्टेमभोवती गळती थांबवणारी भर) घर्षण मिसळतं आणि तुम्ही स्प्रिंग विनाकारण फिरवत बसता. स्टेम कनेक्टर सोडताना प्लग सीटवर दाबून फिरवू नका, सीटवर चरे पडतात.

9. मोठ्या लाइनवरच्या स्कॉच योक अ‍ॅक्च्युएटरचा स्प्रिंगचा डबा साइटवर उघडता येतो का?

नाही. स्कॉच योकचं (पिस्टनची सरळ हालचाल खाच आणि पिनने फिरती करणारी रचना) ते स्प्रिंग मॉड्यूल आख्खं काढून आख्खंच बदलायचं असतं. कित्येक मेकमध्ये ते वेल्डने बंद केलेलं असतं, ते कापण्याचा विचारही नको. सिलिंडरकडची सील बदलणं मॅन्युअलप्रमाणे करता येतं.

10. सील किट बदलताना कुठलं ग्रीस लावू? आमच्याकडे बेअरिंगचं ग्रीस भरपूर आहे.

किटसोबत सांगितलेलंच. नेहमीच्या एनबीआर (नायट्राइल रबर) ओ-रिंगला, जी साधारण उणे 20 ते 80 अंशांपर्यंत चालते, लिथियम ग्रीस बहुधा सोसतं. ओ-रिंग ईपीडीएमची (वेगळ्या प्रकारचं रबर) असेल तर खनिज तेलाच्या ग्रीसने ती फुगते आणि पिस्टन अडकतो. ऑक्सिजनच्या लाइनवर मात्र सक्त मनाई: तेल-ग्रीसचा बोटभर डागही तिथे पेट घेऊ शकतो. त्या व्हॉल्व्हचं काम वेगळ्या स्वच्छ बाकावर, वेगळ्या हातमोज्यांनी आणि ऑक्सिजनसाठी मान्य ग्रीसनेच.

ग्रीस पातळ थराने. जास्त भरलं तर ते हवेसोबत सोलेनॉइडपर्यंत जातं. फिटिंगला टेफ्लॉन टेप लावताना पहिले एक-दोन आटे मोकळे सोडा. टेपचा तुकडा स्पूलमध्ये अडकून व्हॉल्व्ह अर्धवट थांबल्याच्या तक्रारी फार येतात. आणि अंग कॉस्टिकने धुऊ नका. साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या सफाईसाठी कॉस्टिक हाताशीच असतं, पण अ‍ॅल्युमिनियमचं अंग ते खातं.

11. पावसाळ्यात अ‍ॅक्च्युएटर मंद होतात, आतून पाणी निघतं. झाकणातून शिरतं का?

बहुतेकदा हवेतून येतं. ड्रायर नीट चालत नसेल तर कॉम्प्रेसरने ओढलेली कोकणातली ओली हवा लाइनमध्ये थंड होऊन पाणी सोडते. इन्स्ट्रुमेंट एअरच्या आयएसए 7.0.01 या मानकाप्रमाणे हवेचा दवबिंदू तिथल्या सर्वात कमी तापमानापेक्षा किमान 10 अंशांनी खाली हवा, कण 40 मायक्रॉनहून मोठे नकोत आणि तेल 1 पीपीएमच्या आत हवं. दर शिफ्टला फिल्टर रेग्युलेटरचा ड्रेन उघडून बघा. पाणी निघत असेल तर तक्रार ड्रायरची आहे, अ‍ॅक्च्युएटरची नाही.

दुसरी वाट स्प्रिंगच्या कप्प्याची. व्हॉल्व्ह दर वेळी हलताना तो कप्पा बाहेरची हवा आत घेतो. सल्फिटेशन टॉवरजवळ किंवा अ‍ॅसिडच्या वाफा असलेल्या शेडमध्ये ती हवा स्प्रिंगला गंज चढवते. एक्झॉस्टची हवा परत स्प्रिंगच्या कप्प्यात देणारा सोलेनॉइड मिळतो, अशा जागी तोच घ्या. ब्रीदर (कप्प्याची हवा आत-बाहेर करणारं भोक) असेल तर त्याचं तोंड खाली ठेवा आणि जाळी लावा, कारण कुंभारमाशी घर करते. तोंड बंद झालं की कप्प्यात दाब अडकतो.

12. व्हॉल्व्ह जाम आहे. हवा 6 वरून 9 किलो केली तर सुटेल का?

सुटेलही, पण कसा सुटेल ते तुमच्या हातात राहणार नाही. दाब दीडपट म्हणजे टॉर्क दीडपट. अ‍ॅक्च्युएटरच्या अंगाची हद्द पुष्कळदा 8 बार असते आणि व्हॉल्व्हच्या शाफ्टलाही टॉर्कची मर्यादा असते. अडकलेला व्हॉल्व्ह अचानक सुटला तर तो झटक्यात दुसऱ्या टोकाला जातो.

कारण शोधा. ग्लँड कुणी ताजं आवळलंय का? सीझन संपल्यावर सिरपच्या व्हॉल्व्हमध्ये साखर बसली का? तसं असेल तर गरम पाण्याने ती विरघळते, टॉर्कची गरजच पडत नाही. अ‍ॅक्च्युएटरपर्यंत हवा पूर्ण पोहोचते का, हे व्हॉल्व्ह हलत असताना गेजवर बघा. स्थिर असताना 6 दाखवणारं गेज हलताना 3 वर पडत असेल तर वाटेत फिल्टर किंवा ट्यूब चोक आहे.

पिनियनच्या डोक्याला पाना लावून ‘मदत’ करण्याचा मोह होतो. डबल अ‍ॅक्टिंगवर, दोन्ही पोर्ट उघडे आणि हवा कुलूपबंद असताना ते करता येतं. स्प्रिंग रिटर्नवर किंवा हवा जोडलेली असताना कधीच नाही. पाना मनगट मोडून जातो.

13. लाइन चालू ठेवून नुसता अ‍ॅक्च्युएटर उतरवता येईल का? व्हॉल्व्ह तर बंदच आहे.

क्वार्टर टर्न (पाव फेऱ्यात उघड-बंद होणाऱ्या) व्हॉल्व्हवर, विशेषतः बटरफ्लायवर, नाही. अ‍ॅक्च्युएटर निघाला की चकतीला धरून ठेवणारं काही उरत नाही. प्रवाह आणि दाब तिला फिरवतात, कधी एकदम. लाइन मोकळी करूनच उतरवा.

बॉल व्हॉल्व्हमध्ये आणखी एक धोका असतो. बंद स्थितीत बॉलच्या आतल्या पोकळीत द्रव अडकून राहतो. पुढचा-मागचा भाग ड्रेन केला तरी तो आत असतो. क्लोरीन किंवा अमोनियासारख्या द्रवाच्या बाबतीत ती पोकळीही मोकळी झाली पाहिजे. व्हॉल्व्ह अर्धवट उघडून, योग्य त्या ठिकाणी व्हेंट करून मगच ग्लँडला किंवा स्टेमला हात लावा.

उचलताना लक्षात ठेवा: अ‍ॅक्च्युएटरवरचा आय बोल्ट फक्त अ‍ॅक्च्युएटरच्या वजनासाठी असतो. खाली व्हॉल्व्ह जोडलेला असेल तर स्लिंग व्हॉल्व्हच्या अंगाला बांधा.

14. व्हॉल्व्ह किती वेगाने बंद व्हावा? स्पीड कंट्रोलर काढून टाकला तर?

पाण्याच्या लाइनमध्ये वेग एकदम सेकंदाला 1 मीटरने कमी झाला तर स्टीलच्या पाइपात दाब सुमारे 12 बारने उसळतो. 6 बारच्या लाइनला हा धक्का सपोर्ट हलवण्याइतका आहे. म्हणून लांब लाइनवर स्पीड कंट्रोलर काढू नका. तो बाहेर जाणाऱ्या हवेवर लावायचा, तेव्हा हालचाल सलग होते. ट्रिपचा व्हॉल्व्ह असेल तर बंद होण्याचा वेळ डिझाइनमध्ये ठरवलेला असतो. तो न बघता स्क्रू फिरवायचा नाही.

15. प्लांट चालू असताना स्मार्ट पोझिशनरचं ऑटो कॅलिब्रेशन केलं तर चालतं का?

चालत नाही. ऑटो कॅलिब्रेशन सुरू होताच पोझिशनर (कमांडप्रमाणे व्हॉल्व्ह नेमक्या जागी नेणारं उपकरण) व्हॉल्व्हला पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा करतो, तेही बरेचदा एकाहून अधिक वेळा, आणि कंट्रोल रूमची कमांड त्या वेळी ऐकत नाही. स्टीमच्या लाइनवर याचा परिणाम काय होईल ते सांगायला नको. बायपासवर घेऊन, लाइन वेगळी करूनच करा.

झाल्यावर 4, 8, 12, 16 आणि 20 मिलिअँपिअर देऊन 0, 25, 50, 75 आणि 100 टक्के येतात का ते वर जाताना आणि खाली येताना दोन्ही वेळा बघा. चढताना आणि उतरताना जागा वेगळी येत असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करून उपयोग नाही. लिंकेज सैल आहे किंवा पॅकिंग धरतंय.

16. लिमिट स्विच बॉक्स आधी सेट करायचा की स्टॉप?

स्टॉप आधी (प्रश्न 5 आणि 6), मग पोझिशनर, शेवटी स्विचचे कॅम. क्रम उलटा केला तर स्विच ‘बंद’ सांगेल आणि व्हॉल्व्ह दोन अंश उघडा असेल. ज्वालाग्राही भागातला फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर जाऊ न देणारा) बॉक्स वीज चालू असताना उघडू नका. झाकणाच्या पृष्ठभागावर ओरखडा, रंग किंवा भलती गॅस्केट नको आणि परत लावताना सगळे बोल्ट हवेत. एक बोल्ट कमी असलेला फ्लेमप्रूफ बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही.

17. हँडव्हील लावून व्हॉल्व्ह उघडा धरला आणि काम केलं तर?

हँडव्हील गुंतलेलं असताना स्प्रिंगचा पूर्ण ताण त्या गिअरवर किंवा जॅक स्क्रूवर असतो. त्या स्थितीत अ‍ॅक्च्युएटर उघडणं म्हणजे दाबलेली स्प्रिंग उघडणं. दुसरं, हँडव्हील तसंच विसरलं तर ट्रिपच्या वेळी व्हॉल्व्ह हलणार नाही. हँडव्हील वापरलं की शिफ्ट लॉगमध्ये लिहा, मोकळं केल्यावरही लिहा.

18. कॉम्प्रेसर बंद आहे. तात्पुरती नायट्रोजनची लाइन जोडू का?

अ‍ॅक्च्युएटरला नायट्रोजन चालतो, प्रश्न माणसांचा आहे. पोझिशनर आणि सोलेनॉइड सतत थोडा वायू बाहेर सोडत असतात. बंद पॅनेल रूम, खड्डा किंवा अ‍ॅनालायझर शेडमध्ये तो साचून ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला की ती जागा धोक्याची. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. अशा जागी जोडू नका. उघड्यावर जोडायचा झाला तर लेखी परवानगी, रेग्युलेटर आणि प्रत्येक ठिकाणी ठळक टॅग हवा, आणि हवा परत आल्यावर ती लाइन त्याच दिवशी काढून टाकायची.

19. इमर्जन्सी शटडाऊनचा व्हॉल्व्ह मधूनच ट्रिप होतो. दुरुस्ती होईपर्यंत सोलेनॉइड बायपास करून हवा थेट देऊ का?

नाही, कुणी तोंडी सांगितलं तरी नाही. थेट हवा दिली की ट्रिपची कमांड आली तरी व्हॉल्व्ह उघडाच राहील, आणि तो तिथे त्या एका क्षणासाठीच बसवलेला आहे. बायपास करायचाच असेल तर प्लांटच्या लेखी पद्धतीने: किती वेळ, त्या काळात पर्यायी संरक्षण काय, सही कुणाची, आणि काढल्याची नोंद.

असा व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने एकाच जागी उभा असतो, म्हणून तो अडकलाय का हे पार्शल स्ट्रोक टेस्टने बघतात: 10-20 टक्के हलवून परत आणायचा. ही टेस्ट ‘हलतो’ एवढंच सांगते, ‘पूर्ण बंद होऊन गळत नाही’ हे सांगत नाही. त्यासाठी शटडाऊनमध्ये पूर्ण स्ट्रोक आणि सीटची गळती तपासावी लागते. सर्व्हिसिंगनंतर हा व्हॉल्व्ह परत देताना खऱ्या ट्रिप सिग्नलवर, सोलेनॉइडची वीज तोडून, बंद व्हायला लागलेला वेळ मोजा आणि मागच्या नोंदीशेजारी लिहा. वेळ वाढत चाललेला दिसला तर पुढच्या शटडाऊनची वाट न बघता प्रॉडक्शनकडे तारीख मागा.